भिंतीवरची रेघ आणि पाटीवरचे अक्षर



जबलपूरच्या तिलवारा घाटाजवळ, नर्मदेच्या काठी भरलेल्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मार्च १९३९ मध्ये याच परिसरात त्रिपुरी काँग्रेस भरली होती. त्या वेळी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि त्याच प्रांतातल्या वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये नई तालीमचा विचार देशापुढे मांडला गेला होता. हाताला काम मिळाले की बुद्धीही जागी होते, हा त्या विचाराचा गाभा. आज माझा विषय त्याच्या शेजारचा आहे. ज्या शाळा मागे पडल्या आहेत, जिथे तिसरी-चौथीतल्या मुलाला सरळ वाचता येत नाही, त्या शाळा सावरताना कलाशिक्षणाचे स्थान कोणते? माझे उत्तर असे की ते सुरुवातीचे स्थान आहे. वाचन सुधारले की मग चित्रकला, असा क्रम आपण लावून ठेवला आहे. तो उलटा आहे.

याचा सर्वांत भक्कम दाखला मराठी मुलखातच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली आदिवासी मुलांसाठी शाळा हे परके घर होते. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच बदलली. पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले, माती आणि गाणी आणली. मुलाच्या हातात आणि गळ्यात जे आधीच होते, तेच शिकवण्याचे साहित्य झाले.

त्यामागचे कारण वारली चित्राकडे नीट पाहिले की कळते. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड उभे राहते, वरचा गोल म्हणजे डोके. मध्ये तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा आणि भोवती हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांचे वेटोळे. हे चित्र काढणाऱ्या मुलाला आकार कळतो, अंतर कळते, आधी काय आणि नंतर काय हे कळते. किती जण नाचतात, हे विचारले की गणित सुरू होते. कोण कुठून आले, हे विचारले की गोष्ट सुरू होते, आणि ती गोष्ट चित्राखाली लिहायला घेतली की लेखन सुरू होते. अक्षर हीसुद्धा शेवटी अर्थ असलेली रेघ आहे. जे मूल रेघेने अर्थ सांगायला शिकले, त्याला अक्षराची गरज आपोआप वाटू लागते.

मात्र कलेच्या नावावर खोटे दावे नकोत. अमेरिकेत २०१२ मध्ये अगदी मागे पडलेल्या आठ शाळांत कलेच्या आधारे सुधारणेचा उपक्रम सुरू झाला आणि वाचन व गणित दोन्हींचे निकाल वाढल्याचे सांगितले गेले. पण त्या शाळांना इतर सरकारी मदतही मिळत होती, त्यामुळे सगळे श्रेय कलेला देता येत नाही. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरातला अभ्यास अधिक काटेकोर आहे. तिथे कला-उपक्रमासाठी ४२ शाळांतून चिठ्ठ्या टाकून निवड झाली आणि दहा हजारांहून अधिक मुले तपासली गेली. गणित किंवा वाचनाच्या गुणांत ठळक फरक आढळला नाही. लेखन मात्र सुधारले, शिस्तभंगाच्या तक्रारी ३.६ टक्के बिंदूंनी घटल्या आणि दुसऱ्याविषयीची कणव वाढली. मला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. मुलाला सांगावेसे वाटणे आणि वर्गात नीट बसावेसे वाटणे, हेच तर मागे पडलेल्या शाळेत आधी हरवलेले असते.

पहिला आक्षेप असा येईल की वाचता न येणाऱ्या मुलाचा एक तासही चित्रात घालवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय. हा आक्षेप कळकळीचा आहे. पण तीच बाराखडी त्याच पद्धतीने आणखी एक तास घोकून घेणे हा त्यावर उपाय नव्हे. त्या पद्धतीनेच ते मूल मागे राहिले आहे. दुसरा आक्षेप नई तालीमच्या अनुभवाचा. तिथे अनेक ठिकाणी कताईच्या तासाला सूत किती निघाले याचाच हिशेब राहिला आणि शिक्षण मागे पडले. हा धोका नई तालीमचा आराखडा तयार करणाऱ्या झाकीर हुसेन समितीने आपल्या अहवालातच ओळखला होता. आजचा धोका वेगळा आहे. कला म्हणजे स्नेहसंमेलन आणि २६ जानेवारीचा नाच, असे समीकरण झाले आहे. त्यात चार मुले पुढे येतात आणि चाळीस मुले टाळ्या वाजवतात. ज्या शाळेत प्रत्येक मुलाच्या हातात खडू नाही, तिथे कलाशिक्षण झाले असे म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकाचा आणि पैशाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कलाशिक्षकाची तरतूद आहे, पण शंभरहून अधिक मुले असतील तरच. म्हणजे ज्या छोट्या शाळांना गरज सर्वाधिक, त्याच बाहेर राहतात. यावर वाट आहे. पाच-सहा शाळांच्या गटाला एक कलाशिक्षक द्यावा आणि त्याने आठवड्यातून एक दिवस प्रत्येक शाळेत जावे. जोडीला गावातले कारागीर घ्यावेत, योग्य मानधन देऊन. इथून जवळच भेडाघाटला मऊ दगडावर छिन्नी चालवणारी घरे आहेत. नर्मदेच्या वरच्या अंगाला पाटणगढ आहे, जिथल्या जनगढसिंह श्याम यांनी गोंड घरांच्या भिंतीवरची परंपरा कागदावर आणली आणि ती जगभर नेली. याच जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा शांतिनिकेतनात शिकले आणि संविधानाच्या उद्देशिकेचे पान त्यांच्या हाताने सजले. ज्या भूमीत हे घडले, तिथल्या मुलाला शाळेत रंगाचा स्पर्शही होऊ नये, ही गोष्ट मान्य करता येणार नाही.

म्हणून, शिक्षक मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. आपापल्या शाळेत परत गेल्यावर वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास कलेसाठी राखा आणि परीक्षा जवळ आली म्हणून ते गणिताला देऊ नका. प्रत्येक मुलाला चित्र काढू द्या, त्या चित्राविषयी बोलू द्या आणि मग त्याखाली एक वाक्य लिहू द्या. ते वाक्य चुकले तरी चालेल, पण ते त्या मुलाचे स्वतःचे असले पाहिजे.