पाट्याचा कोयता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला एक शहाळेवाला उभा असतो. त्याचा हात बघत राहावा असा. शहाळं डाव्या तळव्यावर, उजव्या हाताने तीन तिरपे घाव, चौथ्या घावाला झाकण उडतं आणि पाण्याचा थेंब सांडत नाही. मी एकदा त्याला विचारलं, "हा कोयता कुठून घेतला?" तो म्हणाला, "घेतला नाही चाचा, बनवून घेतला." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला मात्र त्या एका वाक्यात माझीच फजिती आठवली.

कवी माणसाने चंद्रकोरीवर बोलावं, कोयत्यावर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण माझं गाव श्रीवर्धन तालुक्यातलं, सावित्रीच्या खाडीजवळचं. अब्बांची नारळी-पोफळीची छोटी वाडी होती. मी बी.ए. झालो, मुंबईकडे आलो, मीरा रोडला फ्लॅट घेतला आणि वाडी माझ्या कवितेत राहायला गेली. प्रत्यक्षात ती भाच्याच्या भरवशावर होती.

मग ३ जून २०२० हा दिवस आला. निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. टाळेबंदीमुळे मी लगेच जाऊ शकलो नाही. दिवाळीला पोहोचलो तेव्हा पाच महिने पडून राहिलेल्या पोफळी, त्यांच्यावर चढलेले वेल आणि मधून उगवलेलं रान यांत वाट दिसत नव्हती. अब्बांचा कोयता कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी मात्र तयारीने गेलो होतो. शहरातल्या एका मोठ्या दुकानातून रानात वापरायचा म्हणून एक सुरा घेतला होता. काळंभोर पातं, पाठीवर करवतीचे दात, रबरी मूठ. मुठीच्या टोकाला होकायंत्र, ते फिरवून काढलं की आतल्या पोकळीत काड्या आणि गळ. भाचा म्हणाला, "मामू, याने पोफळ तुटेल?" मी म्हणालो, "किंमत बघ आणि मग बोल."

पहिल्या दिवशी वेल तुटले. दुसऱ्या दिवशी एका आडव्या पोफळीवर जोराने घाव घातला आणि हातात नुसती मूठ उरली. पातं उडून भाच्याच्या पावलापासून वीतभर अंतरावर मातीत रुतलं. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. बहिणीला काय सांगितलं असतं?

सकाळी शेजारचे वडीलधारे काका आले. त्यांनी तुटलेली मूठ हातात घेतली, आत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "घेताना पातं मुठीत किती खोल गेलंय, ते पाहिलं होतंस का?" मी होकायंत्र पाहिलं होतं, करवतीचे दात पाहिले होते. हे पाहिलं नव्हतं. पातं मुठीत जेमतेम दोन बोटं शिरलेलं होतं. पोकळ मुठीत ते आणखी शिरणार तरी कुठे?

तेव्हा मंडळी, पहिली गोष्ट ही. जड कामाचं कोणतंही हत्यार घेताना आधी धार बघू नका, मूठ बघा. पात्याची शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली हवी. आपल्याकडच्या चांगल्या कोयत्यात ती लाकडातून आरपार काढून मागे वळवलेली असते आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडाची शेंबी बसवलेली असते, म्हणजे लाकूड फाटत नाही. धार गेली तर पुन्हा लावता येते. मूठ सुटली तर जे व्हायचं ते एका क्षणात होऊन जातं.

आमच्या गावातल्या लोहाराचा भाता बंद होऊन बरीच वर्षं झाली. मी मीरा रोडला परतलो आणि काशीमिऱ्याच्या पुढे, घोडबंदर रस्त्याच्या कडेला मला हवं ते सापडलं. घिसाडी कुटुंबाचं पाल. आपल्या राज्यातली ही भटकी जमात. गावोगाव फिरून विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कोयते घडवणारी माणसं. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, हाताने फिरवायचा पंखा आणि समोर ऐरण. नवरा सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि बायको उभी राहून घण घालते. आपण लोहार म्हटलं की पुरुषाचं चित्र डोळ्यांपुढे आणतो. इथे घण बाईच्या हातात होता.

मी म्हटलं, "मामा, चांगल्या स्टीलचा कोयता हवा."

तो म्हणाला, "स्टीलचा कशाला? पाट्याचा घ्या. पण आधी काम काय ते सांगा."

हा प्रश्न मला त्या मोठ्या दुकानात कोणी विचारला नव्हता. काम काय? उसाचा कोयता वेगळा. तो पातळ आणि हलका, कारण दिवसभर वाकून हजारो घाव घालायचे असतात. उसाच्या खालच्या कांड्यांत साखर जास्त, म्हणून तो जमिनीलगत तोडावा लागतो. नारळाचा कोयता जाड आणि वजनदार. कोकणात झाडी साफ करायचा कोयता टोकाला चोचीसारखा वळलेला, म्हणजे वेल ओढून घेता येतो आणि पातं दगडावर आपटत नाही. खाटकाचा सत्तूर हाडासाठी, तो रानात कामाचा नाही. सगळी कामं करणारं हत्यार कुठलंही काम धड करत नाही. माझ्या सुऱ्याने ते सिद्ध केलंच होतं.

पाटा म्हणजे गाडीच्या चाकावरच्या कमानीचा पाटा. भंगारात मिळतो. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. बांधकामाच्या साध्या सळईत कार्बन फार कमी असतो. तिचा कोयता दिसायला छान होईल, पण तिला पाणी चढत नाही आणि धार दुमडते. उलट जुनी कानस घेतली तर तिच्यात कार्बन टक्क्याहून जास्त. धार वस्तऱ्यासारखी, पण गाठीवर घाव बसला की तुकडा उडतो. पाटा या दोहोंच्या मधला. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे धक्के खाऊन न तुटलेलं लोखंड ते. आणि स्टेनलेस? खारी हवा असलेल्या आमच्या भाईंदर-उत्तनसारख्या ठिकाणी ते गंजायला वेळ लावतं, हे खरं. स्वयंपाकघरात ते चांगलंच. पण स्वस्तातलं स्टेनलेस जड घावांना टिकत नाही आणि चांगल्याची किंमत वाडीवाल्याच्या खिशाबाहेरची.

त्याने पाट्याचा तुकडा लाल केला आणि दोघांनी मिळून तो ओढत नेला. पाठ जाड ठेवली, धारेकडे उतरता केला. मग ते पाणी देणं आलं. भाषेत आपण माणसाचं पाणी जोखतो, तो शब्द मी इतकी वर्षं कवितेत वापरला, पण पाणी देताना पहिल्यांदा पाहिलं. लाल पातं पूर्ण बुडवायचं नाही. फक्त धारेची बाजू पाण्यात, पाठ वर. चर्र आवाज, वाफ. धार कडक झाली, पाठ मऊ राहिली. पण एवढ्यावर थांबलं तर कडक धार काचेसारखी ठिसूळ. म्हणून तो थोडा भाग घासून उजळ करतो आणि पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे येऊ देतो. उजळ भागावर रंग सरकत येतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपासचा हा खेळ. त्याच्याकडे तापमापक नव्हता. जांभळा रंग धारेशी आला आणि त्याने पातं पुन्हा बुडवलं. "रंधा असता तर पिवळ्यावरच थांबवला असता," तो म्हणाला. "कोयत्याने मार खायचा असतो."

थोडासा कडकपणा सोडून दिला म्हणून ते पातं टिकतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको.

बाभळीची मूठ बसली, शेपटी मागून वळवली गेली. मग त्याने स्वतःच परीक्षा सांगितली. वाळक्या लाकडाच्या ओंडक्यावर दहा घाव घाला आणि धारेवर उजेड धरून बघा. तुकडे उडाले असतील तर पाणी जास्त झालं. धार वळली असेल तर कमी. यातलं काही झालं असेल तर कोयता परत करा, पैसे घेऊन जा. माझी धार जशीच्या तशी होती. श्रोतेहो, कोयता कुठूनही घ्या, ही दहा घावांची परीक्षा करू देईल अशाच माणसाकडून घ्या.

आता पुढचा प्रसंग सांगतो. कोयता गोणपाटात गुंडाळून भाच्याच्या टेम्पोत मागे ठेवला आणि आम्ही गावाकडे निघालो. माणगावच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदाराने गोणपाट उचललं, पातं बाहेर आलं. "हे काय?" मी म्हटलं, "कोयता. वाडी साफ करायला चाललोय." "नाव?" मी नाव सांगितलं. त्यानंतर जी शांतता असते ना, ती माझ्यासारख्या नावाच्या माणसाला चांगली ओळखीची आहे. ती फार वेळ टिकत नाही, पण तेवढ्यात माणूस आपलं अख्खं आयुष्य कागदपत्रांसारखं चाळून घेतो.

"गाव?"

मी गाव सांगितलं. तो थोडा थांबला. मग म्हणाला, "मी पलीकडचा. मंडणगडचा." आमच्याकडे बागमांडल्याहून फेरीबोटीत बसलं की पलीकडे वेसवी, तो मंडणगड तालुका. दोन जिल्हे, मध्ये एक खाडी. त्याने कोयता हातात तोलला, अंगठा धारेवर आडवा फिरवला. उभा नव्हे, आडवा. जाणकार माणूस. "पाट्याचा दिसतो. पोफळी किती राहिल्या तुमच्या?" "अकरा." "आमच्या सात," तो म्हणाला आणि गोणपाट पुन्हा नीट गुंडाळून दिलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत पुण्यातल्या 'कोयता गँग'च्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली. जानेवारी २०२४मध्ये आमच्या मीरा रोडचं नयानगरही काही दिवस वेगळ्याच कारणाने बातम्यांत होतं. तेव्हा मी गावाहून कोयता धारेला आणायचा होता, तो आणला नाही. मला वाईट याचं वाटतं की एका कष्टाच्या हत्याराचं नाव खराब झालं. बीडकडच्या ऊसतोड मजुरांत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस असला तर 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. म्हणजे माणूस मोजायचं मापच हे. दिवाळीनंतर घर सोडून सहा महिने परमुलखात राबणाऱ्या त्या जोड्यांना वर्तमानपत्रात हा शब्द कसा दिसत असेल?

शस्त्रांच्या नियमात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तरी कायदा माहीत असणं आणि शहाणपणाने वागणं या दोन गोष्टी आहेत. कोयता नेताना धारेवर चामड्याची किंवा जाड कापडाची खोळ घाला, बांधून सामानात ठेवा, हातात मिरवू नका. गावात कमरेच्या आकडीला कोयता लावून माणूस बाजारातून गेला तरी कोणी वळून बघत नाही. शहरात बघतात. बघणाऱ्याचाही दोष नाही.

निगेचं थोडक्यात सांगतो. काम झालं की चीक आणि ओल पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबडी पूड धरते. धार कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून लावा. फिरत्या यंत्रावर ठिणग्या उडवत लावली तर पातं तापतं, निळं पडतं आणि लोहाराने दिलेलं पाणी उतरतं. स्वयंपाकाच्या सुरीइतकी बारीक धार काढू नका, लाकडाला थोडी बोजड धारच टिकते. आणि बोथट कोयता वापरू नका. बोथट हत्यार जास्त जोर मागतं आणि निसटून पायावर येतं. अब्बा ईदच्या आधी सुरी पाजळायला बसत तेव्हा म्हणायचे, जनावराला यातना होऊ नयेत म्हणून धार चोख हवी, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती लावायची नाही. धारेलाही अदब असते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

वाडी साफ व्हायला दोन महिने लागले. शेवटच्या ओंडक्याखाली अब्बांचा कोयता सापडला. मूठ कुजून गेली होती. पातं इतक्या वर्षांच्या पाजळण्याने झिजून निम्मं उरलेलं, विळ्याएवढं. त्या झिजलेल्या पात्यावरच आमची शिक्षणं झाली. मी तो घिसाडी मामांकडे न्यायचं ठरवलं होतं, पण पुढल्या खेपेला पाल तिथून उठलेलं होतं. आता तो तसाच माझ्या मीरा रोडच्या घरी, पुस्तकांच्या कपाटात आहे.

२०२१च्या पावसात भाच्याने नवी पोफळ लावली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर पाट्याच्या कोयत्याला फारसं काम नाही. रोपांभोवतीचं गवत काढायला विळा पुरतो. भाचा मात्र दर आठवड्याला त्याला तेल लावतो. फोनवर मी विचारतो, "कोयता कसा आहे?" तो म्हणतो, "मामू, बसून आहे. बरंच आहे की."