नाताळापूर्वीचे चार रविवार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



ख्रिस्ती माणसाने नाताळची आध्यात्मिक तयारी कशी करावी, या विषयावर बोलण्यासाठी न्यासाने एका मुसलमान शिक्षकाला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. हा विषय एखाद्या पाद्रीसाहेबांचा आहे, असे मी कार्यवाहांना म्हटलेही. तेव्हा ते म्हणाले, "पाद्रीसाहेब चर्चमध्ये सांगतातच. शेजाऱ्याला त्यातले काय समजले आहे, ते आम्हांला ऐकायचे आहे." हे म्हणणे मला मान्य झाले, आणि म्हणून मी आज शेजारी या नात्यानेच बोलणार आहे.

आपल्या गोव्यात एकमेकांच्या सणांना जाण्याची रीत जुनी आहे. चवथीच्या नेवऱ्या खायला मी जातो, ईदेचा शिरखुर्मा आपण माझ्या घरी घेता, आणि नाताळात झाकलेल्या ताटातून दोदोल आणि बेबिंका आपल्या सर्वांच्या घरी येतात. ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु सण हा शेवटचा दिवस असतो. त्याच्याआधी त्या घरात आणि घरातल्या माणसांच्या मनात जे चालते, ते शेजाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. माझ्याकडचा शिरखुर्मा ज्यांनी पंचवीस वर्षे खाल्ला, त्यांपैकी कितीजणांनी मला कधी विचारले, की रोजाची नियत म्हणजे काय हो मास्तर? आणि मी तरी ख्रिस्ती स्नेह्यांना असे किती विचारले? आपण शेजाऱ्याच्या सणाला हजर असतो, त्याच्या तयारीला मात्र गैरहजर असतो. आज त्या तयारीविषयी बोलू.

'नाताळ' हा आपला मराठी शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, आणि त्याचा अर्थ जन्म असा आहे. या जन्मदिवसाच्या आधी ख्रिस्तसभेने चार रविवारांचा एक काळ ठेवला आहे. त्याला मराठी ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबर हा संत अंद्रियाचा दिवस; त्याच्या सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो, आणि रोमन पंथाचे उपासनेचे नवे वर्ष त्याच दिवशी सुरू होते. या काळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग. रविवारच्या मिस्सेत देवाच्या गौरवाचे जे स्तोत्र एरवी गाइले जाते, ते या काळात वगळतात. तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्र घालता येते, कारण तो दिवस आनंदाचा मानलेला आहे. पहाट जवळ आली, एवढी त्यात सूचना. केरळातील कित्येक सुरियानी ख्रिस्ती तर १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांसमासे वर्ज्य करतात. उलटपक्षी काही प्रॉटेस्टंट मंडळ्या हा काळ मुळीच पाळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

आता एक गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा मी चकित झालो. पहिल्या रविवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचतात, त्यात बाळ नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. त्यात जगाच्या अंताची वार्ता आहे: जागे राहा, धनी कोणत्या घटकेस येईल ते तुम्हांस ठाऊक नाही. जन्माच्या सणाची तयारी हिशेबाच्या दिवसापासून सुरू होते! आम्हां मुसलमानांना कयामतीची कल्पना अगदी लहानपणापासून परिचित असते, आणि कयामतीपूर्वी हजरत ईसा पुन्हा येतील अशी आमचीही श्रद्धा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यामुळे तो पाठ मला परका वाटला नाही. फक्त तो नाताळच्या दारात उभा असेल, असे मला वाटले नव्हते.

बाराव्या शतकातील फ्रेंच मठाधिपती संत बर्नार्ड यांनी आगमनकाळावरील आपल्या प्रवचनात ख्रिस्ताच्या तीन आगमनांचा विचार मांडला आहे. पहिले देहाने, बेथलेहेमात. शेवटचे वैभवाने, जगाच्या अंती. आणि या दोहोंच्या मधले एक, जे कोणाला दिसत नाही, ते भक्ताच्या अंतःकरणात. पहिले होऊन गेले, शेवटचे आपल्या हाती नाही. मग उरते ते मधले, आणि आध्यात्मिक तयारी म्हणतात ती याच आगमनाची. एवढे समजले, म्हणजे जांभळे वस्त्र का, गौरवगीत का थांबवले, कबुलीसाठी धर्मगुरूंकडे या दिवसांत रांग का लागते, या सर्वांचा उलगडा होतो. पाहुणा अंतःकरणात यायचा असेल, तर झाडलोटही तिथलीच करावी लागणार.

आपल्या भाषेत याचे एक थोर उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, साष्टीत राहिले, इथली भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण त्यांनी मराठीत रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली, त्या इतिहासाच्या सावलीतच हा ग्रंथ जन्मला, हे मी विसरत नाही आणि कोणी विसरावे असेही म्हणणार नाही. पण ग्रंथाची रचना पाहा. त्याचे दोन भाग आहेत. ख्रिस्ताचे चरित्र येते ते दुसऱ्या पुराणात. पहिले पुराण सबंध त्याच्या आधीच्या काळाचे आहे: सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या चाललेली तारणाऱ्याची वाट. हजारो ओव्या होतात तरी ज्याच्यासाठी ग्रंथ लिहिला तो अजून जन्मलेला नाही! वाचकाला एवढे थांबवून ठेवण्याचे धाडस फादर स्टीफन्सनी केले, कारण वाट न पाहता जो मिळतो, तो तारणारा कशासाठी हवा होता हेच माणसाला कळत नाही, असा त्यांचा विचार असावा. हा माझा तर्क आहे. जाणकारांनी तो तपासावा.

वाट पाहणे ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे, हे शिक्षकाला निराळे सांगायला नको. जर्मनीत हँबुर्ग येथे योहान विखर्न नावाचे एक पाद्री निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत. मुले रोज विचारीत, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी एक जुने गाडीचे चाक घेतले, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या, आणि दररोज एक जास्त पेटवू लागले. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. आज अनेक चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रावर ज्या चार मेणबत्त्या दिसतात, त्यांचे मूळ त्या अनाथ मुलांच्या प्रश्नात आहे. आपल्यासारख्या धर्मादाय न्यासाला ही हकीकत विशेष जवळची वाटावी.

त्याच देशात शंभर वर्षांनंतर डीट्रिख बोनहॉफर हे पाद्री नाझी सरकारच्या तुरुंगात होते. १९४३ च्या नोव्हेंबरात त्यांनी मित्राला लिहिले, की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखी आहे. आत बसलेला माणूस काहीबाही करीत राहतो, पण दार उघडते ते बाहेरूनच. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मला या पत्रात जितका स्वच्छ दिसला, तितका मोठ्या ग्रंथांतून दिसला नाही. माणसाने तयारी करायची, पण आपल्या तयारीने देव येतो असे समजायचे नाही.

आता थोडे मौनाविषयी. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आणि कुराणातील एकोणिसावी सूरा, म्हणजे सूरे मरियम, ही दोन्ही शेजारी ठेवून मी वाचली आहेत. दोन्हींत कथेचा आरंभ वृद्ध जखऱ्यापासून होतो. आम्ही त्यांना हजरत जकरिया म्हणतो. म्हातारपणी पुत्र होणार ही वार्ता त्यांना मिळते आणि त्यांची वाणी थांबते. लूकच्या कथेत ती शंका घेतल्याची शिक्षा आहे, आणि मुलाचे नाव ठेवण्याच्या दिवशी ते पाटी मागवून त्यावर 'योहान' असे लिहितात, तेव्हा कुठे त्यांची जीभ सुटते. कुराणात ते मौन तीन रात्रींचे आहे, आणि ती शिक्षा नसून खूण आहे. पुढे हजरत मरियम खजुराच्या झाडाखाली प्रसूत होतात, तेव्हा त्यांनाही त्या दिवसापुरता मौनाचा रोजा सांगितला आहे. आणि मरियेचा पती योसेफ! चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. तो फक्त ऐकतो, उठतो आणि सांगितलेले करतो.

येथे भेद आहेत, आणि ते मी पुसून टाकणार नाही. कुराणात गव्हाण नाही, योसेफ नाही. ख्रिस्ती माणूस त्या बाळात प्रत्यक्ष देव देहधारी झाला असे मानतो. मी त्यांना अल्लाहचे थोर पैगंबर मानतो, आणि याहून अधिक मला म्हणता येत नाही. सर्व धर्म एकच आहेत असे म्हणून हा प्रश्न उडवून लावण्याची सभांमधून पद्धत आहे. त्याने ख्रिस्ती माणसाचाही मान राहत नाही आणि माझाही. पण या जन्माच्या आधी माणसांनी गप्प राहावे, हे दोन्ही ग्रंथ सांगतात, आणि आजचा डिसेंबर पाहिला म्हणजे ते फार मोलाचे वाटते. नोव्हेंबर संपत नाही तोच ध्वनिक्षेपक सुरू होतात, दुकानांत बाळ गव्हाणीत निजलेला दिसतो, आणि खरा नाताळ उजाडेपर्यंत माणसे सणाला कंटाळलेली असतात. (रमजानातल्या आमच्या संध्याकाळच्या बाजारांविषयी मी आज बोलत नाही, तो विषय माझ्याकडे राखून ठेवला आहे.) गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाला तर ही ओढाताण अधिकच. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, त्याआधी नऊ दिवसांची नोवेना, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त. आगमनकाळाचा पूर्वार्ध असा गर्दीतच जातो. म्हणून १७ डिसेंबरपासूनचे शेवटचे आठ दिवस तरी रोज घटकाभर दूरध्वनी बाजूला ठेवून शांत बसण्याचे काही कुटुंबांनी ठरवले आहे, असे मी ऐकतो. ख्रिस्तसभेच्या उपासनेतही त्या दिवसापासून निराळ्या, अधिक उत्कट प्रार्थना सुरू होतात.

पण सर्वांत अवघड तयारी पुढेच आहे. आपला भाऊ आपल्यावर रुष्ट आहे हे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे येशूचे सांगणे मत्तयाने नोंदवले आहे. आता गोव्यातले कोणतेही जुने घर घ्या, ख्रिस्ती असो, हिंदू असो वा मुसलमान. वडिलोपार्जित घराची वाटणी, परसातला माड, सामाईक विहीर, आणि वर्षानुवर्षे कोर्टात पडलेला दावा! एकाच चर्चमध्ये दोन सख्खे भाऊ दोन टोकांच्या बाकांवर बसतात. या भावाने नाताळापूर्वी त्या भावाच्या पायऱ्या चढायच्या. दावा लगेच मिटेल असे नाही. तो वकिलांच्या हाती आहे. पण पायऱ्या चढणे त्याच्या हाती आहे. चाळीस घरांचे रंगकाम यापुढे सोपे.

आणि शेवटी योहान. हा तोच, ज्याचे नाव बापाने पाटीवर लिहिले. आमचे हजरत यह्या. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, मग आम्ही करावे तरी काय? तो त्यांना अरण्यात जा म्हणत नाही, उपास किती करा हेही सांगत नाही. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदाराने ठरल्याहून अधिक घेऊ नये. शिपायाने जुलूम करू नये, आपल्या पगारात भागवावे. हा पाठ तीन वर्षांतून एकदा आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, त्या गुलाबी रविवारी, चर्चमध्ये वाचला जातो.

यावरून विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवतो. आपला न्यास दरवर्षी ब्लँकेटे आणि कपडे वाटतो, ते नाताळ आटोपल्यावर, वर्षअखेरीस, शिल्लक पाहून. यंदापासून हे वाटप त्या तिसऱ्या रविवारच्या आठवड्यात करावे. आणि सगळीच ब्लँकेटे घाऊक बाजारातून आणू नयेत. निदान निम्मी सभासदांच्या घरांतून यावीत, ज्या घरी दोन चांगली आहेत तेथून एक. हिंदू सभासदांनी द्यावे, मुसलमानांनी द्यावे; ख्रिस्ती सभासदांना ते त्यांच्या तयारीत जमा धरता येईल. गोळा करण्याचे काम माझ्या शाळेतली वरच्या वर्गातली मुले करतील, तसे मी त्यांना विचारून आलो आहे. पुढच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढी विनंती आहे.