दोन चुली, एक घर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



खचलेल्या मनाला श्रद्धेचा आधार कसा मिळतो, यावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी मंगळवेढ्याचा, मुसलमान, कविता लिहितो त्या मराठीत. तेव्हा मी दामाजीपंतांच्या कोठारावर किंवा चोखोबांवर बोलेन, नाहीतर कुराणातलं काही सांगेन, अशी अपेक्षा असावी. पण माझ्या पडत्या काळात मला हात दिला तो एका ख्रिस्ती जोडप्याच्या संसारानं. ते झाकून दुसरंच काही सांगणं बरं नव्हे.

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. अब्बा गेल्यावर भाईची आणि माझी वाटणी झाली. काळं रान, ज्वारीचं. दोन वर्षांनी, म्हणजे २००७ साली, भाईनं बांध कोरला असं मला वाटलं. मी मोजणी आणली. भाईचं म्हणणं, बांध होता तिथंच आहे, धाकट्या भावानं चारचौघांत साखळी ओढून माझी अब्रू घालवली. आमच्या घरातली बोली दखनी, पण हे भांडण मात्र अस्सल मराठीत झालं. शिव्यांसाठी माणूस गावाचीच भाषा वापरतो, हे कवी म्हणून मी तेव्हा टिपून ठेवलं. त्यानंतर बोलणं बंद. पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. उरुसात तो समोरून आला की मी रस्ता ओलांडायचो. आणि हळूहळू लिहिणंही थांबलं. तीन वर्षं एक ओळ सुचली नाही. दुसऱ्यांना सद्भावावर कविता ऐकवायची आणि घरी सख्ख्या भावाचं नाव निघालं की ताटावरून उठायचं, असा माणूस काय लिहिणार?

त्या दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाताला लागली. बी.ए.ला असताना ती मी हसत हसत वाचली होती, कारण त्या पुस्तकात हसू भरपूर आहे. या खेपेला मात्र पंढरपूरच्या पानांवर अडकलो.

नारायण वामन टिळक, आपले ‘फुलामुलांचे कवी’. १८९३ साली राजनांदगावकडे आगगाडीनं जाताना एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना ‘नव्या करारा’ची प्रत दिली. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांनी वाचलं आणि ते पार बदलून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी कल्पना नाही. त्या वेळी लक्ष्मीबाई जेमतेम सव्वीस वर्षांच्या, कडेला लहानगा दत्तू. त्या काळच्या ब्राह्मण घरात नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे तो जिवंतपणी मेल्यासारखंच. लक्ष्मीबाईंना त्यांच्या बहिणीनं आणि मेहुण्यांनी पंढरपूरला नेलं. आमच्या मंगळवेढ्यापासून पंढरपूर पंचवीस किलोमीटर. मी शेकडो वेळा एस.टी.नं गेलो असेन, पण या गावात ती बाई रडून डोळे सुजवून बसली होती, हे कधी मनात आलं नव्हतं.

इकडं टिळकांचंही काही बरं चाललं नव्हतं. ज्या श्रद्धेसाठी सगळं सोडलं, तीच श्रद्धा त्यांना बायकोपासून तोडते आहे, असा तो पेच होता. चिडून ते तिला सोडू शकले असते. तसं करायला समाजानं मोकळीकच दिली होती. त्यांनी ते केलं नाही. पत्रं लिहीत राहिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं म्हणणारा हा माणूस. घरापर्यंतचा पूलही तो पाडायला तयार नव्हता. त्यांचा स्वभाव तापट होता, हे लक्ष्मीबाईंनीच मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. तापट माणसानं वर्षानुवर्षं वाट पाहावी, हे मला धर्मांतरापेक्षाही मोठं वाटतं.

आणि लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे गेल्या, त्या कशा? ख्रिस्ती होऊन नव्हे. आपलं सोवळं, आपली वेगळी चूल घेऊन. टिळकांनी ते मानलं. एकाच संसारात एक ख्रिस्ती आणि एक सोवळ्यातली ब्राह्मण बाई. लोक दोन्ही बाजूंनी हसले असतील. पुढं जातीपातीचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केला. देवानं केली ती माणसं, जाती माणसांनी केल्या, असा त्यांचा निर्णय झाला, आणि १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. माझा आपला एक अंदाज. पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. आमच्या मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत अंगावर कोसळून ते गेले. देवळाबाहेर ठेवलेल्या त्या संतावरून जाता-येता लक्ष्मीबाईंची नजर गेलीच असेल. पुराव्यानं सांगता येणार नाही, पण मला तसं वाटतं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथं. मी नऊ वर्षं म्हणत होतो, आधी भाईनं चूक कबूल करावी, मग बोलू. टिळकांच्या घरी आधी माणसं एकत्र आली आणि मतं जुळायला नंतर वेळ मिळाला. मतं जुळलीच नसती तर? तर दोन चुली राहिल्या असत्या, पण घर एक राहिलं असतं.

मग ज्या प्रवचनानं टिळकांना हलवलं, ते मत्तयच्या पाचव्या अध्यायापासून मी वाचायला घेतलं. त्यात येशू अर्पणाविषयी बोलतो. देवाला काही वाहायला गेलास आणि भावाचं तुझ्यावर मन दुखलेलं आहे हे तिथं आठवलं, तर ते वाहणं तसंच ठेवून आधी भावाकडे जा, असा त्याचा आशय आहे. मी तो भाग दोनदा वाचला, कारण मला वाटलं माझी नजर चुकली. माझं मन भावावर दुखलं असेल तर, असं त्यात नाहीच. भावाचं मन माझ्यावर दुखलेलं असेल तर, असं आहे. माझ्या तक्रारींचा हिशेब मी तोंडपाठ ठेवला होता. भाईच्या बाजूची वही मी कधी उघडलीच नव्हती. चारचौघांत ओढलेली ती साखळी त्या वहीत पहिल्या पानावर होती.

हे आमच्याकडे नाही असं नव्हे. भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये आणि पहिला सलाम करणारा दोघांत चांगला, अशी हदीस मी लहानपणापासून ऐकत आलो. रोजच्या ऐकण्यातली गोष्ट कानाला लागत नाही. शेजाऱ्याच्या घरातून ऐकू आली तेव्हा लागली.

२०१६ सालची बकरी ईद सप्टेंबरात आली. आमच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेच हे वर्ष. गावात ज्वारीचं कौतुक चाललेलं आणि ज्वारीच्या रानावरून आम्ही दोघं मुके. कुर्बानीचे तीन हिस्से करतात. एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. नातलगांच्या हिश्श्यातून नऊ वर्षं मी भाईला वगळत होतो. त्या दिवशी नमाज झाली आणि मी घरी न जाता थेट त्याच्या दारात गेलो. कुर्बानी व्हायची होती. पाय जड झाले होते, हे कबूल करतो. दार भाभीनं उघडलं. तिच्या मागून भाईचा आवाज आला, “चपला आत काढ म्हणावं, बाहेर कुत्रं नेतंय.”

मी सलाम केला. साखळीबद्दल माफी मागितली. बांधाबद्दल मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. शिरखुर्मा नव्हता, तो त्या ईदेचा नव्हेच, चहा झाला. बराच वेळ गेल्यावर त्यानं विचारलं, “पेरणी कधी धरतोस?” मी म्हणालो, “वाफसा आला की.” तो म्हणाला, “पाभर माझी ने. तुझी वाकडी चालती, मी बघतोय नऊ वर्षं.”

त्या रब्बीत दोन्ही रानांत एकच पाभर फिरली. मोजणीचा कागद भाईच्या ट्रंकेत आहे आणि माझ्याही कपाटात आहे. अजून कुणी तो फाडलेला नाही.