वर्गसमीकरण, द्विघात समीकरण आणि रायपूरची शाळा

रायपुरातील शाळांमध्ये नववी ते बारावी या चार वर्षांत जे गणित शिकवले जाते, त्याचा विचार होतो तेव्हा अभ्यासक्रम आणि भाषा या दोन बाबी सहसा वेगळ्या ठेवल्या जातात. अभ्यासक्रम मंडळ ठरवते, भाषा घरातून येते, आणि सूत्रे व आकडे मात्र सर्वत्र सारखेच असतात, अशी त्यामागची धारणा असते. ज्या कुटुंबात मराठी बोलली जाते, शाळेत हिंदी ऐकू येते आणि अभियांत्रिकीकडे जाणारी वाट इंग्रजीतून निघते, अशा कुटुंबापुरती तरी ही धारणा अपुरी आहे. अशा घरातील विद्यार्थ्याला गणिताच्या आधी गणिताचे शब्द भेटतात, आणि त्यातील काही शब्द ओळखीचे वाटूनही भलत्याच दिशेला नेणारे असतात.

हिंदीत ‘भिन्न’ म्हणजे अपूर्णांक. मराठी कानाला तो शब्द ‘निराळा’ असाच ऐकू येतो. हिंदीतील ‘चर’ म्हणजे ज्याची किंमत बदलू शकते ती राशी, म्हणजे मराठीतील ‘चल’; पण मराठी शेतकऱ्याचा चर हा जमिनीत खणलेला असतो. हिंदी पाठ्यपुस्तकातले ‘वृत्त’ हे वर्तुळ असते आणि मराठी श्रोत्याला ते आकाशवाणीवर ठरलेल्या वेळी ऐकायला मिळते. समीकरणाचे ‘मूल’ म्हणजे चलाची अशी किंमत, जी घातली असता समीकरण खरे ठरते. मराठीत त्याचे ‘मूळ’ होते, आणि १ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ व ती स्वतः यांखेरीज विभाजक नसतो तिला मराठी ‘मूळ संख्या’ म्हणते, तर हिंदी ‘अभाज्य’. ज्या समीकरणात चलाचा सर्वांत मोठा घातांक २ असतो ते मराठीत वर्गसमीकरण आणि हिंदीत द्विघात समीकरण होय. घात या शब्दाचा मराठीतील दुसरा अर्थ लक्षात घेता, परीक्षेच्या आदल्या रात्री हिंदी नावच अधिक समर्पक वाटत असेल तर नवल नाही. याच समीकरणाच्या उकलीचे सूत्र हिंदी प्रदेशात प्राचीन गणितज्ञाच्या नावाने, ‘श्रीधराचार्य सूत्र’ म्हणून शिकवले जाते. महाराष्ट्राच्या वर्गात ते बहुधा नुसतेच सूत्र असते.

आकृत्यांच्या नावांतील भेद याहून सूक्ष्म आहे. तीन रेषाखंडांनी बंदिस्त झालेल्या आकृतीला हिंदी ‘त्रिभुज’ म्हणते, म्हणजे ती बाजू मोजते. मराठी ‘त्रिकोण’ म्हणते, म्हणजे ती कोन मोजते. चतुर्भुज आणि चौकोन यांचेही तसेच. गणिताच्या दृष्टीने दोन्ही नावे सारखीच योग्य आहेत, परंतु बाजूंवरून नाव शिकलेल्या मुलाला आजोबांनी कोनांवरून समजावले की दोघांचेही बरोबर असूनही संवाद अडखळतो. ‘त्रिज्या’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच आहे आणि त्याच्या पोटात त्रिकोणमिती दडलेली आहे: प्राचीन ज्योतिर्गणितात एका राशीचे ३० अंश धरले जात, तीन राशींचे ९० अंश होत, आणि ९० अंशांची ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, वर्तुळाच्या त्रिज्येइतकीच भरते, ‘तीन राशींची ज्या’ म्हणून ती त्रिज्या. दहावीच्या पुस्तकात वर्तुळ आणि त्रिकोणमिती ही दोन प्रकरणे वेगवेगळी येतात. त्यांना जोडणारा हा शब्द विद्यार्थी दोन्हीकडे वापरतो, पण तो उलगडून सांगण्यास वेळ कोणाला असतो?

या परिभाषेचा इतिहास रायपूरला परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या वतीने बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूर येथून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कर्नल अग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. स्वातंत्र्याच्या सुमारास या प्रांताचे नेतृत्व रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे आले आणि त्यांच्याच काळात लाहोरहून नागपूरला आलेल्या डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या आधारे शास्त्रीय परिभाषा घडवण्याचे मोठे काम हाती घेतले. प्रांतात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान असल्यामुळे, संस्कृतावर उभारलेले शब्द दोन्ही भाषांना चालतील ही अपेक्षा त्या योजनेत स्वाभाविक होती. त्यातील बरेच शब्द जड म्हणून मागे पडले, काहींची थट्टाही झाली. तरीही संस्कृतातून शब्द घडवण्याची ती रीत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाच्या कामातही दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि २००० मध्ये छत्तीसगढची राजधानी झाले. एका घरातील भांडी दोन चुलींवर गेली की त्यांचे आकार हळूहळू वेगळे भासू लागतात, तसे गणिताच्या शब्दांचे झाले.

दहावीपर्यंत गणित सर्वांना सक्तीचे असण्यामागे १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाची शिफारस आहे. महाराष्ट्रात दहावीचे गणित बीजगणित व भूमिती अशा दोन भागांत, प्रत्येकी ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांत विभागलेले असते आणि बीजगणिताच्या भागात वस्तू व सेवा कर, शेअर, म्युच्युअल फंड यांचे ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या रायपुरातील शाळांत मात्र ८० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते. तिच्यात सर्वाधिक २० गुण बीजगणिताला, १५ भूमितीला, १२ त्रिकोणमितीला, ११ सांख्यिकी व संभाव्यता यांना, १० महत्त्वमापनाला, आणि प्रत्येकी ६ संख्याप्रणाली व निर्देशक भूमिती यांना दिलेले आहेत. महत्त्वमापन म्हणजे क्षेत्रफळ, पृष्ठफळ आणि घनफळ काढण्याचे शास्त्र. निर्देशक भूमिती म्हणजे बिंदूचे स्थान दोन संख्यांनी सांगून आकृतीचा प्रश्न बीजगणिताने सोडवण्याची पद्धत.

२०२० च्या परीक्षेपासून केंद्रीय मंडळाने दहावीच्या गणिताचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन स्तर केले. वर्ग एकच, पुस्तक एकच, शिकवणेही एकच. फरक फक्त प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात. बेसिक घेणाऱ्याने अकरावीत पूर्ण गणित घेऊ नये असा मूळ नियम होता, तो पुढे काही वर्षे शिथिल करण्यात आला. या योजनेमागील सहानुभूती खरी असली तरी तिच्यात एक विसंगती आहे: वर्षभर एकत्र बसलेल्या विद्यार्थ्यांना पंधराव्या वर्षी, परीक्षेचा अर्ज भरताना, आपण कोणत्या प्रकारचे गणित जाणणारे आहोत हे घोषित करावे लागते, आणि तो निर्णय बहुधा गणिताच्या आकलनापेक्षा गणिताच्या भीतीवर बेतलेला असतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने ही भीती आणि अपयशाची भावना हीच गणितशिक्षणाची पहिली समस्या मानली होती, व शालेय गणित एका विषयावर दुसरा रचत अरुंद मनोऱ्यासारखे उंच होत जाते, त्यामुळे एक पायरी हुकलेले मूल पुढे चढूच शकत नाही, असे निदान केले होते.

हा मनोरा अकरावीत एकदम उंच होतो. छत्तीसगढच्या राज्य मंडळाच्या शाळांत तेथे विषयांचा ‘समूह’ निवडावा लागतो. रायपूरच्या बोलीत ‘मॅथ्स घेतले’ की ‘बायो घेतले’ एवढ्या दोन शब्दांत मुलाचे भवितव्य सांगून होते. १९५६ मध्ये खाण व धातुशास्त्र महाविद्यालय म्हणून पायाभरणी झालेली आणि २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था बनलेली शिक्षणसंस्था याच शहरात असल्याने पहिल्या समूहाचे आकर्षण मोठे आहे. केंद्रीय मंडळाच्या बारावीत ८० पैकी ३५ गुण एकट्या कलनशास्त्राला आहेत. एखादी राशी कोणत्या क्षणी किती वेगाने बदलते हे काढणे म्हणजे अवकलन, आणि बदलाचा तो वेग ठाऊक असता एकूण साठा किंवा वक्ररेषेखालील क्षेत्रफळ काढणे म्हणजे समाकलन. महानदीवरील गंगरेल धरणात येणाऱ्या पाण्याचा वेग ज्याला क्षणोक्षणी माहीत आहे, त्याला चार तासांत किती पाणी आले हे समाकलनाने सांगता येते. हे दोन्ही शब्द हिंदी पुस्तकात आहेत आणि मराठी विश्वकोशातही आहेत. म्हणजे नववी-दहावीत दुरावलेल्या परिभाषा उंचावर गेल्यावर पुन्हा एकत्र येतात. मात्र तोपर्यंत बहुतेक विद्यार्थी इंग्रजीकडे वळलेले असतात आणि ‘इंटिग्रेशन’ हा तिसराच शब्द त्यांच्या तोंडी बसलेला असतो. ज्यांना गणित हवे पण कलनशास्त्राचा एवढा भार नको, त्यांच्यासाठी केंद्रीय मंडळाने २०२०-२१ पासून ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ हा विषय ठेवला असून त्यात कर्जाचे हप्ते, निर्देशांक, कालश्रेणी असे व्यवहाराजवळचे भाग आहेत. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तो अधिक उपयोगी आहे, यात शंका नाही.

छत्तीसगढ शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळांना स्वामी आत्मानंद यांचे नाव दिले आहे. रायपूरजवळच्या बरबंदा गावी १९२९ मध्ये जन्मलेले हे संन्यासी पूर्वाश्रमी तुलेंद्र वर्मा होते आणि त्यांनी गणितातील एम.एस्सी. नागपूरला केली होती. गणिताच्या पदवीधराच्या नावाच्या शाळेत, हिंदीत ‘अभाज्य गुणनखंड’ पाठ केलेले मूल आता ‘प्राइम फॅक्टर’ लिहिते, आणि घरी मराठी असेल तर ‘मूळ अवयव’ हा तिसरा शब्दही त्याच्या कानावर पडतो.

घरातील वडीलधाऱ्या पिढीला आणखी एक गणित येत होते, जे आज कोणत्याही मंडळाच्या अभ्यासक्रमात नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांत तोंडपाठ असत, आणि हिंदी पाठशाळांत त्यांचेच पौवा, अद्धा, पौना, सवैया, डेढ़ा, ढैया म्हणून पठण होत असे. रायपूरच्या जुन्या बाजारपेठेत हिशेब करताना मराठी आणि छत्तीसगढी माणसाला त्या ठिकाणी शब्दकोशाची गरज कधी पडली नाही.