सायकल कुणाच्या नावावर?

नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, आमच्या लहानपणी सायकलवाल्याला पोलिसाची धास्ती दोनच कारणांनी असे: दिव्याविना रात्री फिरणे आणि डबलसीट. चाकातली हवा सोडली की प्रकरण मिटे.

माझा भाचा भिंगारचा, नोकरीसाठी टोकियोत असतो. तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, म्हणून तो निर्धास्त होता. पण जपानमध्ये १९९४पासून प्रत्येक सायकलची नोंदणी सक्तीची आहे. याची सायकल देश सोडून गेलेल्या मित्राने दिलेली. नोंद त्या मित्राच्याच नावावर. एका रात्री पोलिसाने थांबवले, नंबर पाहिला आणि अगदी अदबीने बराच वेळ चौकशी केली. अदबीने विचारले, तरी संशय तो संशयच.

“मामू, भाषा येत नसली की आपलं खरंही खोटं वाटतं,” तो फोनवर म्हणाला.

पुढे सायकल त्याच्या नावावर झाली, तीही काही मिनिटांत. भाड्याच्या घरासाठी जामीनदार शोधायला मात्र दोन महिने गेले. अजूनही दुकानात पाकिटावरची जपानी अक्षरे जुळवत, डुकराची चरबी नाही ना, हे तो बघत बसतो. सायकल चालवताना मोबाइलला हात लावत नाही. नोव्हेंबर २०२४पासून त्याला तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे.

माझी बहीण विचारते, तिथे पंक्चर काढायला किती घेतात? तो आकडा सांगत नाही.