जुना रेडिओ, नवी काच आणि रंगाचा मेळ

ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फीचा रेडिओ असो, नाहीतर आपल्या हैदराबाद ऑल्विनचा जुना फ्रिज. यंत्र दुरुस्त करणारा कारागीर अजून सापडतो. अडतं ते रंगापाशी. रेडिओच्या डायलवरची अक्षरं गळालेली असतात, फ्रिजवरचं नाव विटलेलं असतं. नवीन छापून घेतलं की मापं बरोबर येतात, हैदराबाद केंद्राच्या 738 किलोहर्ट्झसाठी काटाही 406 मीटरच्या आसपास थांबतो, पण रंग मात्र परका दिसतो.

आधी ठरवायचं, जुळवायचं कशाशी? उन्हाने सगळे रंग सारखे उडत नाहीत. बहुतेक छपाईत पिवळा आणि मॅजेंटा आधी जातात, निळा आणि काळा मागे राहतात. भिंतीवरची जुनी पोस्टरं निळी पडतात ती यामुळेच. मूळ रंग पाहायचा तर स्क्रूच्या डोक्याखाली किंवा चौकटीत दबलेल्या कडेला शोधा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. तरीही एकच भाग बदलायचा असेल, तर मी मूळ रंगाचा हट्ट धरणार नाही. विटलेल्या भागांत कोरा तुकडा डोळ्यांत खुपतो. तिथे शेजारच्या रंगाशीच जुळवावं. सगळंच नवं करणार असाल, तर मूळ रंग घ्या.

आता छपाई. आपल्याकडे हैदराबादेत त्यासाठी छत्ता बाजार आहेच. लग्नपत्रिकांमुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा. पण तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंग पसंत करून मोकळे होऊ नका. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, छपाईचा रंग शाईचा. झळझळीत नारिंगी नेहमीच्या चार शायांत उतरतच नाही, तो मातकट होतो. असा सपाट रंग असेल तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून शाई कालवून घ्यावी. छटा सांगायला 1963 साली अमेरिकेत निघालेली पॅन्टोनची रंगपुस्तिका उपयोगी पडते.

डिजिटल छपाई करायची असेल, तर पूर्ण चित्राआधी रंगाचे छोटे चौकोन छापून घ्या. एकात पिवळा 5 टक्के जास्त, दुसऱ्यात 5 टक्के कमी, तसंच मॅजेंटाचं. हे चौकोन ज्या मालावर चित्र छापायचंय त्याच मालावर हवेत, आणि लॅमिनेशन होणार असेल तर लॅमिनेशनसकट. चकचकीत फिल्मखाली रंग गडद भासतो, मॅट फिल्मखाली जरा फिका. शाई पूर्ण वाळू द्या, मगच निवड करा.

उजेडाची गोष्ट तर फारच फसवी. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग दारातल्या उन्हात वेगळे निघतात. म्हणून दोन्हीकडे पाहा. डायलची काच मात्र तिच्यामागचा पिवळसर दिवा लावूनच तपासावी. तिच्यावर छपाई मागच्या बाजूने होते. त्यामुळे चित्र उलटं आणि क्रमही उलटा: अक्षरं आधी, पार्श्वभूमी नंतर. पार्श्वभूमीची शाई पातळ पडली की दिवा नको तिथून झिरपतो. इथे शाईत कंजुषी करू नये.

छापखान्यात जाताना मोबाइलवरचा फोटो नको, जुना तुकडाच न्या. आणि पसंत पडलेल्या चौकोनामागे शाईची टक्केवारी, माल आणि मशीनचं नाव लिहून ठेवा. पुढच्या वेळी मशीन बदललं असेल, तर चौकोन पुन्हा छापून घ्या.