लाजेपोटी लपविलेले दुखणे

महाराष्ट्रातील श्रोत्यांना मलिहाबाद ठाऊक असते ते दसहरी आंब्यामुळे, आणि उर्दूची गोडी असणाऱ्यांना जोश मलिहाबादींमुळे. लखनौपासून हे गाव सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. तेथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय १९११ मध्ये सुरू झाले, २००२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले, आणि स्त्रियांसाठी त्याचे क्वीन मेरी रुग्णालय आहे. तेव्हा अडते ते केवळ अंतरापाशी नव्हे, शब्दापाशीही. शौचावरचा ताबा सुटलेली स्त्री दवाखान्यात गेलीच, तर पुष्कळदा 'पोट बिघडले आहे' एवढेच सांगते आणि गोळ्या घेऊन परतते.

वस्तुतः बिघाड अनेकदा पोटात नसतो. ती बाळंतपणातील इजा असते. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलये असतात. आतले आपोआप मिटलेले राहते, बाहेरचे इच्छेने आवळता येते. अवघड प्रसूतीत, विशेषतः चिमटा लावावा लागल्यास, ही वलये फाटू शकतात, नसाही ताणल्या जातात. फाटल्याचे तेव्हाच ओळखून नीट टाके घातले, तर पुढचे पुष्कळ टळते. ध्यानात आले नाही, तर त्रास लगेच सुरू होतो, किंवा पाळी गेल्यावर डोके वर काढतो. मग त्या जुन्या बाळंतपणाची आठवण कोणास होणार? कधी मलाशय व योनी यांमध्ये छिद्र पडून मल योनीवाटे येतो. तेथे बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

तोवर स्त्री आपल्यापुरते उपाय शोधते. ती कमी जेवते, लग्नकार्य टाळते. नमाज पढणारीला वजू टिकत नाही याची खंत असते. वास्तविक हनफी शास्त्राने अशा सततच्या व्याधीला सवलत दिली आहे: प्रत्येक नमाजाच्या वेळी नवा वजू करावा, एवढे पुरे. परंतु ते विचारण्यासाठीही दुखणे उच्चारावे लागतेच.

उपचारांचा आरंभ साधा असतो. आहार सुधारणे, मल बांधून येईल असे औषध, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. अर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये मूत्रावरील ताब्यासाठी मांडला होता. कधी बद्धकोष्ठामुळे साचलेल्या खड्यांच्या कडेने पातळ मल पाझरतो. तेथे जुलाब थांबविणारी गोळी अपायच करते. एवढ्याने भागले नाही, तर फाटलेले वलय शिवता येते.

डॉक्टरांनी स्वतःहून विचारावयास हवे: घाई झाल्यावर किती वेळ थांबता येते? वारा सरताना कपडा खराब होतो का? आणि हे विचारताना पती किंवा सासू शेजारी उभी नसावी.